सुईण ते प्रसाविका : दोन जिवांची राखण

(सरपंच, शिक्षक आणि ग्रामीण भागात काम करणारे अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



माणूस या जगात येतो तेव्हा आईच्या कुशीत विसावण्यापूर्वी क्षणभर तो दुसऱ्याच कुणाच्या तरी हातांत असतो. ते हात कुणाचे होते, हे मोठेपणी बहुतेकांना सांगता येत नाही. जन्माच्या दाखल्यावर आईवडिलांची नावे येतात, गावाचे नाव येते, तारीख येते. त्या हातांचे नाव येत नाही. आजच्या भाषणाचा विषय तेच हात आहेत. गावची सुईण, उपकेंद्रातील आरोग्यसेविका आणि रुग्णालयातील प्रसाविका या तिघींच्या कामाचे मोल काय, समाजाने ते कसे मानले आणि यापुढे कसे मानावयास हवे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणण्यात आनंद आहे, तशी भीतीही आहे. दुसरा जन्म म्हणावयाचे ते पहिल्या जन्मावर गदा येऊ शकते म्हणूनच. पहिलटकरीण माहेरी येई, तिचे दिवस भरत, आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या मनात एकच घोर असे : बाई सुखरूप सुटेल ना? त्या रात्री ज्या बाईला बोलावणे जाई ती सुईण. पाऊस असो, अंधार असो, ओढ्याला पाणी असो, ती येई. तिला कोणी नेमलेले नव्हते आणि तिला वेतनही नव्हते.

जिचे हात चालत, तिचा स्पर्श चालत नसे

सुईणीची विद्या पुस्तकातील नव्हती. ती सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे आलेली असे. पोटावर हात फिरवून मूल सरळ आहे की आडवे, हे ती सांगे. कळा खऱ्या की खोट्या, हे ती ओळखे. ‘दम धर’ केव्हा म्हणावयाचे आणि ‘जोर कर’ केव्हा, हे तिला अनुभवाने ठाऊक असे. वार पडल्यावर ती अखंड आहे की तिचा तुकडा आत राहिला, हे जाणती सुईण उलटून पाहून घेई. पुढे दहा-बारा दिवस बाळंतिणीचे अंग रगडणे, बाळाला न्हाऊ घालणे, शेक देणे हेही तिच्याचकडे असे. मुख्य म्हणजे कळा देणारी बाई एकटी राहात नसे. तिच्या पाठीशी, शब्दशः पाठीला टेकून, कोणीतरी बसलेले असे.

तथापि या सेवेचे मोल समाजाने कसे केले, हे पाहिले तर मान खाली जाते. गावोगावी सुईणीचे काम बहुधा ज्या जातींना कमी लेखले जाई त्या जातींतील स्त्रियांकडे, किंवा निराधार विधवांकडे असे. नाळ कापणे, वार पुरणे, रक्ताने भिजलेले कपडे धुणे ही कामे विटाळाची ठरली. घराला सोयर येई, आणि त्या विटाळाचा सारा भार एका बाईने उचलावयाचा असे. पाचवीला तिला लुगडे-चोळी, धान्य, नारळ मिळे, हे खरे. परंतु ज्या हातांनी घरातील वंशाचा दिवा पहिल्यांदा उचलला, त्याच हातांनी महिन्याभराने पाण्याच्या घड्याला स्पर्श केलेला कित्येक घरांत चालत नसे. गरजेच्या रात्री जिला आईसारखे मानावयाचे, तिलाच दिवस उजाडल्यावर उंबऱ्याबाहेर उभी करावयाची, असा हा व्यवहार होता. आज सुईणीच्या सेवेचा गौरव करताना हा हिशेब विसरून चालणार नाही.

सुईणीकडून चुकाही होत. नाळ घरच्या विळ्याने किंवा मिळेल त्या पात्याने कापली जाई. कापल्या जागेवर राख, हळद, क्वचित शेण लावण्यात येई. त्यातून नवजात बालकांना धनुर्वात होई. आठव्या-नवव्या दिवशी मूल ताठ झाले, दूध ओढेनासे झाले, की बाहेरची बाधा झाली असे समजत आणि मूल जाई. बाई अडली तर पोट दाबण्याचे अघोरी प्रकारही घडत. मूल आडवे असेल, रक्तस्राव थांबत नसेल, बाईला झटके येत असतील, तर सुईणीच्या हाती उपाय नव्हता, आणि दवाखाना वीस-पंचवीस मैलांवर असे.

व्हिएन्नातील दोन विभाग

ही अस्वच्छता केवळ अडाणी सुईणीची होती, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. या बाबतीत वैद्यकाच्या इतिहासातील एक प्रसंग सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील व्हिएन्ना शहराच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी काम करीत. दुसऱ्यात सुईणींचे शिक्षण चाले. १८४६ साली पहिल्या विभागात शंभर बाळंतिणींमागे सुमारे अकरा जणी दगावल्या, तर सुईणींच्या विभागात तीनहूनही कमी. शहरातील गरीब बायकांना हे ठाऊक झाले होते. पहिल्या विभागात नाव लागले की त्या गयावया करून दुसऱ्यात पाठविण्याची विनंती करीत.

इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने या कोड्याचा छडा लावला. पहिल्या विभागातील डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट बाळंतिणीकडे येत. सुईणींचा शवविच्छेदनाशी संबंध नव्हता. मृत्यू डॉक्टरांच्या न धुतलेल्या हातांतून येत होता. १८४७ च्या मे महिन्यात सेमेलवाइसने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शेकडा अठरा असलेले मृत्यूचे प्रमाण जून-जुलैमध्ये शेकडा दोनच्या आसपास आले. तरीही त्याच्या काळातील अनेक मान्यवर डॉक्टरांनी त्याचे म्हणणे मानले नाही.

या प्रसंगापासून घ्यावयाचा धडा साधा आहे. पदवी मोठी की अनुभव मोठा, हा वाद बाळंतिणीच्या उपयोगाचा नाही. हात स्वच्छ आहेत काय, आणि धोका ओळखून वेळेवर पुढची मदत मिळते काय, हे दोन प्रश्न तिच्या जिवाचे आहेत.

महाराष्ट्रातील पूर्वपुण्याई

बाळंतिणीच्या दुःखाकडे डोळसपणे पाहणारी माणसे महाराष्ट्रात त्याच शतकात पुढे आली, ही अभिमानाची गोष्ट होय. फसवल्या गेलेल्या विधवांना गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत होता यावे म्हणून महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. समाजाने ज्या बायकांना दार बंद केले होते, त्यांची बाळंतपणे सावित्रीबाईंच्या देखरेखीखाली झाली. तेथे बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला.

आनंदीबाई जोशी यांची कहाणी सर्वश्रुत आहे. त्यांचे पहिले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले, तेव्हा त्या जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. योग्य उपचार मिळाले नाहीत, ही खंत त्यांना अमेरिकेपर्यंत घेऊन गेली. १८८६ साली त्यांनी वैद्यकीय पदवी मिळविली, आणि त्यासाठी प्रबंधाचा विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. १८८६ सालीच मुंबईत स्त्रिया व बालकांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविले. ज्या काळी रुग्णाची शुश्रूषा हे हलके काम समजले जाई, त्या काळी चांगल्या घरांतील स्त्रियांनी ते पत्करावे यासाठी केवढे धैर्य लागले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

सुईणीच्या हाती साबण आणि नवे पाते

स्वातंत्र्यानंतर शासनासमोर दुहेरी काम होते. एकीकडे शिकलेल्या प्रसाविका तयार करावयाच्या होत्या; दुसरीकडे त्या पुरेशा होईपर्यंत गावच्या सुईणीलाच अधिक जाणती करावयाचे होते. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी सहाय्यक परिचारिका प्रसाविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम देशात सुरू झाला. ‘नर्सबाई’ म्हणून खेड्यापाड्यांत ओळखली जाऊ लागली ती हीच. सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हे तिच्या कार्यक्षेत्राचे प्रमाण ठरले.

सुईणींच्या प्रशिक्षणाला १९७७ नंतर ग्रामीण आरोग्य योजनेतून मोठी चालना मिळाली. तीस दिवसांचे शिक्षण, त्या काळात तीनशे रुपये विद्यावेतन, अखेरीस प्रमाणपत्र आणि प्रसूतीच्या साहित्याची पेटी, असे त्याचे स्वरूप होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात आठवड्यातून दोन दिवस शिकावयाचे आणि उरलेले दिवस आरोग्यसेविकेबरोबर गावांतून हिंडावयाचे, अशी त्याची पद्धत होती. या शिक्षणाचे सार पाच स्वच्छतांत सांगितले जाई : हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, नाळेला बांधावयाचा दोरा स्वच्छ आणि नाळेचे टोक स्वच्छ, म्हणजे त्यावर काहीही लावावयाचे नाही. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हे एका हाताच्या पाच बोटांवर मोजता येई.

या पाच बोटांचे सामर्थ्य लहान नव्हते. एके काळी देशात दर वर्षी दीड ते दोन लाख नवजात बालकांना धनुर्वात होत असे. गरोदर मातांना दिलेली धनुर्वातप्रतिबंधक लस आणि स्वच्छ प्रसूती या दोहोंच्या जोरावर माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. लस टोचणारी आरोग्यसेविका आणि नवे पाते वापरणारी सुईण या दोघींचा त्यात वाटा आहे. या विजयाची मिरवणूक कोठे निघाली नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील अनुभवही येथे सांगितला पाहिजे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून तेथील ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांच्या काळजीचा प्रयोग केला. गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले आणि सुईणींना त्यांच्या जोडीला घेतले. नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ होते. तिसऱ्या वर्षी ते हजारी २५ च्या घरात आले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून आशा स्वयंसेविकांमार्फत नवजात बालकांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, त्याचे मूळ या गावांत आहे. गावातील बाईवर विश्वास टाकला, तिला नीट शिकविले आणि तिच्या पाठीशी उभे राहिले, तर ती काय करू शकते, याचा हा पुरावा होय.

घरातून रुग्णालयाकडे

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली. आशा स्वयंसेविका गरोदर मातांना रुग्णालयात घेऊन जाऊ लागल्या. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने शासकीय रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, आहार आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत केले. आदिवासी भागात ‘माहेरघर’ योजनेतून, दुर्गम पाड्यावरील गरोदर मातेने दिवस भरण्यापूर्वीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे, अशी सोय करण्यात आली. या सर्वांचा परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात शंभरांपैकी सुमारे ६५ बाळंतपणे संस्थेत होत; २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण शेकडा ९४.७ झाले. २००१-०३ या काळात राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत. २०१८-२० मध्ये ही संख्या ३३ वर आली.

यातील प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे. आई वाचली म्हणून जे घर मोडले नाही, असे घर. म्हणून सुईणीच्या गौरवाचा अर्थ घरी बाळंतपणे पुन्हा सुरू करावीत, असा कोणी घेऊ नये. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव दोन तासांच्या आत जीव घेऊ शकतो. त्यावरील इंजेक्शन, रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय घराच्या मागल्या खोलीत असू शकत नाही.

परंतु या वाटचालीत हातचे काही सुटलेही. रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात मातेला अनोळखी माणसांत, लोखंडी टेबलावर, उताणे निजून, एकटीने कळा सोसाव्या लागल्या. कित्येक ठिकाणी तिच्या ओरडण्यावर कोणीतरी खेकसले, ही तक्रार बायका दबक्या आवाजात करतात आणि ती सर्वस्वी निराधार नाही. जी सुईण पूर्वी पाठीशी बसे, तिला दाराबाहेर थांबविण्यात आले.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहावे. सतरा देशांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या सव्वीस चाचण्या एकत्र अभ्यासल्यावर, २०१७ साली असे निष्पन्न झाले की, कळांच्या वेळी सतत कोणी सोबत असेल तर कळांचा काळ कमी होतो आणि शस्त्रक्रियेची पाळी कमी वेळा येते. कळा देताना बाईने आपल्याला सोयीच्या स्थितीत बसावे किंवा हिंडावे, तिला खाऊपिऊ द्यावे, नाळ जन्मताच घाईने न कापता निदान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. उकिडवे बसविणे, पाठ चोळणे, पेज पाजणे, नाळेची घाई न करणे या जुन्या सुईणीच्याच रीती नव्हेत काय? तिचे विळ्याचे पाते चुकीचे होते. तिचे सोबत बसणे चुकीचे नव्हते. आपण दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून टाकून दिली.

थांबण्याची विद्या

प्रसाविकेचे काम नेमके काय, याची कल्पना अनेक जाणत्यांनाही नसते. डॉक्टर येईपर्यंतची ती मदतनीस, असे समजले जाते. वस्तुतः प्रसाविका ही स्वतंत्र विद्येची धनी आहे, आणि त्या विद्येचा गाभा आहे नजर ठेवणे. गरोदरपणात रक्तदाब, वजन, रक्तातील हिमोग्लोबिन, पायांवरील सूज पाहावयाची. कळा सुरू झाल्यावर ठरावीक वेळाने बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकावयाचे, आईची नाडी व रक्तदाब मोजावयाचा, प्रसूतीची प्रगती आलेखावर नोंदवावयाची. मूल जन्मल्यावर मिनिटभरात रक्तस्राव रोखणारे इंजेक्शन द्यावयाचे, मुलाला पुसून आईच्या उघड्या अंगावर ठेवावयाचे, तासाच्या आत अंगावर पाजावयाचे. मूल रडले नाही, तर पहिल्या मिनिटातच त्याला श्वास द्यावयाचा. पुढचे दोन तास आईजवळून हलावयाचे नाही.

सर्व ठीक असेल तेव्हा हात आवरून धरणे, आणि काही बिघडत असेल तेव्हा क्षणाचाही विलंब न करता पुढे पाठविणे, ही तिची खरी परीक्षा. यातील पहिली गोष्ट दुसरीहून सोपी आहे, असे मुळीच नाही. महाराष्ट्रात शस्त्रक्रियेने होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा सुमारे २० होते. २०१९-२१ मध्ये ते शेकडा २५.४ झाले. शस्त्रक्रिया जीव वाचविते, यात शंका नाही. पण जेथे ती टाळता आली असती, तेथे ती आईच्या पुढील बाळंतपणांतील धोका वाढविते आणि गरिबाच्या घरी कर्ज आणते. चांगली प्रसाविका आईला गरज नसलेल्या शस्त्रक्रियेपासून वाचविते आणि गरज असलेल्या शस्त्रक्रियेपर्यंत वेळेत पोचविते.

प्रसाविकेचे हे स्थान जगात आता मान्य होत आहे. दर वर्षी ५ मे हा आंतरराष्ट्रीय प्रसाविका दिन म्हणून पाळला जातो. २०२३ साली युनेस्कोने प्रसाविकांचे ज्ञान, कौशल्य व प्रथा यांना मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. भारत सरकारने २०१८ च्या अखेरीस प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार अनुभवी परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण देऊन, निर्धोक बाळंतपणे स्वतंत्रपणे सांभाळणाऱ्या प्रसाविका तयार करावयाच्या आहेत. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायद्याच्या नावातच प्रसाविकेचा उल्लेख आहे.

आपण काय करावे

तथापि कायदा आणि दिनविशेष यांनी उपकेंद्रात पाणी येत नाही. म्हणून येथे जमलेल्या प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे काम ओळखले पाहिजे. आईचा जीव जातो तो बहुधा तीन प्रकारच्या विलंबांमुळे, असे जाणकार सांगतात : दवाखान्यात जाण्याचा निर्णय घेण्यात झालेला विलंब, तेथे पोचण्यात झालेला विलंब आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात झालेला विलंब. यांतील पहिले दोन गावाच्या हातात आहेत.

पंचायत सदस्यांनी आपल्या उपकेंद्रात एकदा जावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात. नळाला पाणी आहे काय? रात्री वीज गेली तर दिवा आहे काय? आरोग्यसेविकेला राहण्यासाठी दार नीट लागणारे, सुरक्षित घर आहे काय? गावातल्या कोणत्या गरोदर मातेचे दिवस कोणत्या महिन्यात भरतात, आणि ऐनवेळी १०८ ची गाडी पोचू शकली नाही तर गावातील कोणते वाहन निघेल, हे ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत आधीच ठरलेले असावे. पावसाळ्यात ज्या पाड्याचा रस्ता तुटतो, तेथील गरोदर मातेला माहेरघरात नेण्याचे काम रस्ता तुटण्यापूर्वी करावयाचे असते. आपत्ती आल्यावर सभा भरविण्यात अर्थ नाही.

अधिकाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा. १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशींनंतर आरोग्यसेविका बहुउद्देशीय झाली. लसीकरण, कुटुंबनियोजन, साथरोग, सर्वेक्षणे आणि नोंदवह्या तिच्याकडे एकामागून एक येत गेल्या. तिच्या पदाच्या नावातील ‘प्रसाविका’ हा शब्द उरला. प्रसूतीसाठी तिला दिवसातले किती तास उरले? जी बाई रात्रभर कळा देणाऱ्या मातेजवळ बसली, तिच्याकडून सकाळी अहवाल वेळेवर आला नाही म्हणून खुलासा मागविणे हा न्याय नव्हे. तिच्या कामाची पाहणी करताना नोंदवहीबरोबरच बाळंतिणीलाही विचारावे : ‘तुमच्याशी कोणी कसे बोलले?’ प्रसूतीच्या वेळी मातेसोबत तिच्या पसंतीची स्त्री राहू द्यावी, अशी केंद्र शासनाची सूचना २०१६ पासून आहे. गावची जुनी, विश्वासाची सुईण जेथे अद्याप आहे, तेथे ती सोबतीण म्हणून आत का येऊ नये? नाळ कापण्याचे काम प्रसाविकेने करावे. पाठीवर हात ठेवण्याचे काम सुईणीने करावे. दोघींत भांडण असण्याचे कारण नाही.

शिक्षकांचे काम सर्वांत दूरवरचे आहे. मुलगी अल्पवयात आई होऊ नये, तिच्या अंगात रक्त असावे, यासाठीची खटपट शाळेतच सुरू होते. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. गरोदरपणात येणारे संकट पुष्कळदा आठवीच्या वर्गात दिसू लागलेले असते. आणखी एक गोष्ट शिक्षकांना सहज करता येईल. स्वातंत्र्यदिनाला गावातील मान्यवरांचा सत्कार होतो. एखाद्या वर्षी उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला आणि गावातील वृद्ध सुईणीला त्याच व्यासपीठावर, शेजारी शेजारी खुर्च्या देऊन बसवावे. समोर बसलेल्या मुलांना विचारावे, यांच्या हातांत कोणकोण जन्मले? किती हात वर होतात ते गावाने पाहावे.

शेवटी पुन्हा त्या उंबऱ्यापाशी यावे लागते. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, अशी आपल्याकडे समजूत आहे. बाळाच्या नशिबातल्या पहिल्या ओळी मात्र पाचवीच्या कितीतरी आधी लिहिल्या जातात. पाणी होते की नव्हते, दिवा होता की नव्हता, गाडी निघाली की नाही, आणि जवळ बसलेली बाई जाणती व मायेची होती की नव्हती, या त्या ओळी होत. त्या लिहिणारी बाई आपल्या गावातच राहाते. ती दारी आली तर तिला उंबऱ्याच्या आत घ्यावे, घरातील चांगल्या पाटावर बसवावे आणि घरातल्या तांब्यातून पाणी द्यावे. तिच्या गौरवाची सुरुवात तेथून आहे.